नणंदबाईंच्या कादंबरीची शेवटची पानं

आमच्या नणंदबाईंनी आयुष्यात एकही पुस्तक बसून वाचलेलं नाही, हे मी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगायला तयार आहे. लोक पुस्तक घेऊन आडवे होतात, खुर्चीत रेलतात, निदान भिंतीला तरी टेकतात. ह्या चालतात. उजव्या हातात पुस्तक, डाव्या हातात चष्म्याची दोरी, आणि स्वयंपाकघर ते बाल्कनी, बाल्कनी ते स्वयंपाकघर अशा फेऱ्या. नुसतं डोंगरदऱ्यांचं वर्णन असलं तर सपाता संथ वाजतात, युद्ध सुरू झालं की वेग वाढतो, आणि राजवाड्यात कटकारस्थान शिजायला लागलं की बाई जिना चढून थेट गच्चीवर! लक्ष्मीबाई नगरच्या त्यांच्या क्वार्टरखाली राहणाऱ्या बंगाली बाईंनी एकदा मला भाजीच्या गाडीवर गाठलं आणि हळूच विचारलं, "आपकी दीदी को कोई टेन्शन है क्या? दिनभर चलती रहती हैं." मी म्हटलं, "नहीं जी, चौथा भाग चल रहा है." त्यांनी काय अर्थ घेतला कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून पातळ खिचडीचा डबा आला. ताईंनी तोही उभ्या उभ्याच संपवला.

ताई म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. मूळ अकोल्याकडच्या. चोविसाव्या वर्षी परीक्षा पास होऊन एक ट्रंक घेऊन एकट्या दिल्लीला आल्या, त्या एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर होऊन साठाव्या वर्षी रिटायर झाल्या. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची आमच्या घरात कुणाची टाप नव्हती. ह्यांची बदली दिल्लीला झाली आणि आम्ही आर. के. पुरमला राहायला आलो, तेव्हा माझ्या आईने फोनवर मला बजावलं होतं, "नणंद जवळ आहे, जरा जपून." मी जपूनच होते. पहिल्या रविवारी सकाळी साडेआठला बेल वाजली, दारात ताई, पायात बूट, खांद्याला रिकामी पिशवी. "चल, पुस्तकं बघायला जायचंय." मला वाटलं, स्वयंपाकाची, विणकामाची, फार तर धम्मावरची. कसलं काय! बाईंना हवे होते ड्रॅगन, जादूगार, बोलणारी जंगलं आणि शापित किल्ले. पण पोरांचे नव्हेत. मोठ्यांचे.

आता जादूच्या गोष्टीत मोठ्यांचं काय असतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. ताईंनी बसमध्ये उभ्यानेच समजावलं. "अगं, पोरांच्या गोष्टीत राक्षस मेला की गोष्ट संपते. मोठ्यांच्या गोष्टीत राक्षस मेल्यावर त्याची बायको पेन्शनला अर्ज करते." शेजारच्या सीटवरचा सरदारजी मराठी येत नसूनही मान वळवून बघायला लागला, इतक्या ठामपणे त्या हे बोलल्या. दर्यागंजच्या रविवारच्या पुस्तकबाजारात त्यांचे तीन प्रश्न सगळ्या विक्रेत्यांना पाठ झाले होते: हीरोइनीचं वय काय? नकाशा आहे का? आणि शेवटची पानं आहेत का? पहिल्याच दिवशी एका नव्या विक्रेत्याने त्यांना पऱ्यांची चित्रं असलेलं गुलाबी पुस्तक दाखवलं आणि प्रेमाने विचारलं, "मॅडमजी, बच्चा कितने साल का है?" ताई म्हणाल्या, "पचपन का. आगे बढ़ो." तेव्हा त्या पंचावन्नच्या होत्या. तो बिचारा खरोखरच दोन पावलं पुढे सरकला.

सोळा वर्षांची अनाथ पोर जग वाचवते, असं मागच्या कव्हरवर लिहिलेलं दिसलं की ताईंचं डोकं फिरायचं. "दर वेळी पोरच का गं? जगावर संकट आलं तेव्हा पन्नाशीच्या बायका काय भांडी घासत होत्या?" असं म्हणून पुस्तक परत ढिगावर. नकाशा मात्र हवाच. घरी गेल्यावर त्या नकाशावर शिवणाचा दोरा लावून अंतरं मोजायच्या, आणि घोड्यांचा हिशेब बसला नाही तर लेखकाला पत्र. पत्र म्हणजे काय, सरकारी पत्रच. वर विषय, मग संदर्भ, मग एक, दोन, तीन असे मुद्दे: घोडा एका दिवसात इतका पल्ला धावला असे दिसते, मात्र त्याने पाणी कुठे प्यायले याचा खुलासा होत नाही, तरी कळवावे. एका लेखकाचं उत्तरही आलं होतं. चूक मान्य, पुढच्या आवृत्तीत एक नदी घालतो, असं त्याने लिहिलं होतं. त्या आठवड्यात ताईंनी ऑफिसात पेढे वाटले. काय निमित्त, म्हणून विचारणाऱ्यांना म्हणाल्या, "नदी मंजूर झाली."

मी काय, पिशवी धरणारी. पण दर रविवारी पिशवी धरता धरता माझंही इंग्रजी सुधारलं आणि मीसुद्धा नायिकेचं वय बघायला लागले. खरं सांगायचं तर ताईंची भीती माझ्या ऑपरेशनच्या वेळी गेली. तीन दिवस मी हॉस्पिटलात होते, आणि तिन्ही दिवस दुपारी ताई माझ्या कॉटच्या पायथ्याशी येरझारा घालत मला एक कादंबरी मराठीत सांगत होत्या. आठ कॉटांचा वॉर्ड. दुसऱ्या दिवशी पलीकडची हरियाणवी म्हातारी ओरडली, "ए बहनजी, हिंदी में बोल, हमें भी तो पता चले राणी का क्या हुआ." मग हिंदीत. नर्स ब्लडप्रेशर घ्यायला आली ती पट्टा हातात धरून तशीच उभी. मला डिस्चार्ज मिळाला तेव्हा सगळा वॉर्ड हळहळला. माझ्यासाठी नव्हे, राणी अजून तुरुंगातच होती म्हणून. तरी त्या तीन दिवसांत मला कळलं की ही बाई माझी आहे.

ह्या सगळ्या पुस्तकांच्या मागे मात्र एकच पुस्तक होतं. तिशीत असताना ताईंनी फुटपाथवरून एक जुनी इंग्रजी कादंबरी घेतली होती. कव्हर नाही, पहिली आठ पानं नाहीत, त्यामुळे नाव नाही, लेखक नाही, पानांच्या माथ्यावर नुसते आकडे. सगळी खिळखिळी झालेली. वाचण्याआधी त्यांनी ती ऑफिसच्या रेकॉर्ड रूममधल्या बाइंडरकडून शिवून आणली आणि मग चालायला सुरुवात केली. गोष्ट अशी: एका किल्ल्यातली दारं रोज रात्री जागा बदलतात, आणि त्या सगळ्या दारांच्या चाव्या एका छप्पन्न वर्षांच्या बाईकडे असतात. तिच्या गुडघ्यांत दुखतं, तिला ऐकू कमी येतं, आणि तिच्यावाचून किल्ल्याचं पान हलत नाही. शेवटी शाप सुटतो, दारं जागेवर येतात, चाव्यांचं काम संपतं. राजा म्हणतो, तुला आत उबदार खोली देतो, जन्मभर राहा. बाहेर नदीवर एक म्हातारा, डोळे अधू झालेला ड्रॅगन होडीपाशी तिची वाट बघत असतो. बाई चाव्यांचा जुडगा टेबलावर ठेवते, राजाकडे बघते आणि म्हणते... पुस्तक संपलं! पुढची पानंच नाहीत.

तीस वर्षं ताई ती पानं शोधत होत्या. त्यांनी चक्क फाइल उघडली होती. डाव्या बाजूला टिपणं, उजव्या बाजूला पत्रव्यवहार. कोणत्या दुकानात कधी विचारलं, विक्रेता काय म्हणाला, पुढे काय करायचं, सगळं नोंदलेलं. आमच्या मुलीने एकदा मोबाइलला विचारून पाहिलं, त्याने छातीठोकपणे तीन नावं सांगितली. ताईंनी तिन्ही पुस्तकं मिळवली आणि तिन्हींत चाव्या सोडा, किल्लासुद्धा नव्हता. "आत्या, छोडो ना यार," मुलगी म्हणाली. "तूच ठरव ना ती काय म्हणाली असेल." ताईंनी तिच्याकडे अशी नजर टाकली की पोरगी मुकाट्याने दुसऱ्या खोलीत गेली. मला एकदा त्या म्हणाल्या होत्या, "पहिल्यांदा वाचली तेव्हा ती बाई मला आईसारखी वाटली. मग मैत्रीण वाटायला लागली. आता माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे. मी म्हातारी होत चाललेय आणि ती अजून टेबलापाशी उभी." हे त्या हसत म्हणाल्या. मला काही हसू आलं नाही.

कारण तेव्हा त्या रिटायर झाल्या होत्या. रिटायर झाल्यावर क्वार्टर सहा महिने ठेवता येतं, मग रिकामं करावं लागतं. हे म्हणाले, "ताई, आमच्याकडे ये." मीही म्हणाले, पण आपलं, जेवायला या म्हणावं तसं. त्यांच्या एका जुन्या सहकारी बाईंचं पालमपूरला घर होतं, वरच्या दोन खोल्या रिकाम्या. त्यांचाही फोन यायचा की पहाडात ये, हवा चांगली आहे. ताई दोघांनाही एकच सांगायच्या, "पुस्तक मिळालं की ठरवते." तीस वर्षं न मिळालेलं पुस्तक सहा महिन्यांत कुठून मिळणार? पण त्यांनी शोधाचा सपाटाच लावला. रविवारच्या जोडीला बुधवार आला, मग शनिवार. मेट्रोने नोएडा, गुडगाव, फरिदाबाद, जिथे जिथे जुन्या पुस्तकांचं दुकान असेल तिथे. मेट्रोत बायकांची सीट रिकामी असली तरी ह्या दारापाशी उभ्या. माझ्या पायांचे तुकडे पडायचे. पाचवा महिना संपला तेव्हा माझ्या लक्षात आलं की मला त्या चाव्यांवाल्या बाईचं काय झालं ह्याची फिकीर नव्हती. मला फिकीर होती ती ताई पालमपूरला गेल्या तर काय, ह्याची. मग सरळ म्हणायचं होतं की नाही? पण नणंदेला "तुम्ही मला हव्या आहात" असं कसं म्हणायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

शेवटच्या महिन्यात सामान बांधायला मी त्यांच्याकडे गेले. रविवार होता, आणि ताई खालच्या बंगाली बाईंना कुंड्या द्यायला म्हणून गेल्या त्या तिकडेच रमल्या. मी रद्दी वेगळी काढत होते. एक जाडजूड लाल कापडी बांधणीचा खंड होता, रद्द झालेल्या सरकारी परिपत्रकांचा. तीस वर्षांपूर्वीच रद्द झालेली ती परिपत्रकं ताईंनी चार क्वार्टरांतून सांभाळून आणली होती, कारण कागद फेकणं त्यांच्या रक्तात नाही. मी म्हटलं, ह्याला तरी आज मुक्ती देऊ. सहज उघडला. टाइपरायटरच्या देखभालीबद्दलचं काहीतरी होतं, पान उलटलं, आणि पुढे एकदम छोट्या आकाराची पिवळी पानं. माथ्यावर नुसते आकडे. पहिल्याच ओळीत ती राजाला म्हणत होती, "ती खोली ज्याला थंडी वाजते त्याला द्या."

मी तिथेच खोक्यावर बसले. रेकॉर्ड रूममधल्या त्या बाइंडरने दोन्ही गठ्ठे एकदम घेतले असणार, कादंबरीची सुटी झालेली शेवटची पानं परिपत्रकांत सरकली असणार, आणि पुढ्यात आलं ते त्याने शिवलं. मोठ्या कागदांच्या पोटात लहान पानं, कडेने दिसणार कशी? आणि रद्द झालेली परिपत्रकं उघडून वाचणार कोण? साऱ्या दिल्लीत शोधलेलं पुस्तक तीस वर्षं त्यांच्याच कपाटात होतं. मी अडखळत अडखळत वाचत गेले. बाई राजाला नमस्कार करते, किल्ल्याबाहेर पडते, होडीत पाय ठेवते. गेली! म्हणजे ताईही जाणार. मला काय झालं सांगता येत नाही. मी ती पानं ओढली, जुना दोरा लगेच तुटला, आणि पानं माझ्या पर्समध्ये. खंड बंद करून रद्दीत ठेवला. ताई वर आल्या तेव्हा मी सुतळी बांधत होते, आणि माझे कान तापले होते.

दोन दिवस मी घरात काय केलं ते माझं मला ठाऊक. पोळ्या करपल्या, दूध उतू गेलं, डाळीत दोनदा मीठ पडलं. शेवटी ह्यांना सांगितलं. हे शांतपणे म्हणाले, "अगं, ती काय मांजर आहे, दार लावलं की घरात थांबायला? देऊन ये." मी म्हटलं, "तुमची बहीण आहे, तुम्हाला काहीच वाटत नाही?" तर वर्तमानपत्र तोंडापुढे धरून म्हणाले, "वाटतं म्हणूनच सांगतोय." त्या वर्तमानपत्राचं एकही पान त्यांनी मग उलटलं नाही.

मंगळवारी दुपारी मी गेले. घर रिकामं, नुसती खोकी. ताई नेहमीप्रमाणे फेऱ्या मारत होत्या. मी पर्स उघडली आणि पानं पुढे केली. त्यांनी ती घेतली, पण चेहऱ्यावर आश्चर्य नाही. उलट चष्म्याच्या घरातून त्यांनी घडी केलेलं एक पिवळं पान काढलं. "हे डिंकाला चिकटून राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "रद्दीत टाकण्याआधी मी प्रत्येक खंड उघडून बघते, हे तुला माहीत असायला हवं होतं. रविवारीच कळलं मला. घरात तू एकटीच होतीस."

"मग फोन का नाही केलात?"

"बघत होते. आणून देतेस की फाडून टाकतेस."

"फाडणार नव्हते हो!" माझा आवाज चिरकला.

आणि मग ताई बसल्या. खरंच सांगते, एका खोक्यावर बसल्या, मांडीवर पानं ठेवली, आणि पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत जागचं न हलता वाचलं. मी ओट्यापाशी उभी राहून चहा केला. खालून बंगाली बाईंचा कुकर शिट्ट्या देत होता, मी त्या मोजत होते. वाचून झाल्यावर त्यांनी ते सुटं पान सगळ्यात शेवटी जोडलं आणि गठ्ठा नीट केला.

"काय आहे त्या शेवटच्या पानावर?" मला राहवेना.

"ड्रॅगन विचारतो, खायला काय आणलंस."

"आणि?"

"आणि काही नाही. समाप्त."

तीस वर्षं! मला हसू फुटलं, त्यांनाही फुटलं, दोघी इतक्या हसलो की चहा सांडला. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "लपवलीस कशाला गं?"

"तुम्ही जाल म्हणून."

त्या बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "अकोल्याच्या स्टेशनवर बाबा आले होते सोडायला. म्हणाले, जा, नाव काढ. ऑफिसात निरोप दिला, तिथेही सगळे म्हणाले, जा, आता आराम करा. मला आजवर सगळ्यांनी 'जा'च म्हटलं. मी थांबावं म्हणून कुणी चोरी केली नव्हती." त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. मग लगेच ऑफिसातल्या आवाजात म्हणाल्या, "पण चोरी कशाला? तोंड दिलंय ना? म्हणायचं."

"राहा ना ताई," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मनापासून.

"नाही," त्या म्हणाल्या. "पालमपूरला उद्या कळवते." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "पण म्हटलंस ते फार बरं केलंस."

आता त्यांना जाऊन वर्ष होत आलं. रविवारी सकाळी फोन येतो. बोलताना धाप ऐकू येते, म्हणजे चढावर फेऱ्या चालू असणार. तिथे सगळा चढ-उतारच आहे म्हणतात, सपाट चालायला जागा नाही, त्यामुळे पुस्तकं लवकर संपतात. मी म्हणते, इथे ढीगभर पडलीयेत, या घेऊन जायला. पालमपूरला बर्फाचा वारा सुटला की मी रोज फोन करून म्हणते, ताई, या आता, इथे ऊन आहे. त्या म्हणतात, "बघू." सरकारी माणसाच्या 'बघू'चा अर्थ काय होतो, हे दिल्लीत इतकी वर्षं काढल्यावर मला कळत नाही असं नाही. तरी दर शनिवारी मी आतल्या खोलीतली त्यांच्यासाठीची गादी बाल्कनीत नेते, काठीने झोडपते, आणि दिवसभर उन्हात ठेवते.